सॉफ्टवेअरचा एक्सटर्नल कोण?

फायनल इयरच्या प्रोजेक्ट व्हायवाची गोष्ट. माझी रूममेट कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची. तिच्या चौघींच्या ग्रुपने टोमॅटोचा ‘डॉक्टर’ बनवला होता. पानांवर डाग आहेत का, कडा वाळल्यात का, पानं वळलीत का, असे प्रश्न सॉफ्टवेअर विचारणार, तुम्ही हो-नाही टिक करत जाणार आणि शेवटी ते रोगाचं नाव आणि फवारणीचं औषध सांगणार. शेतीशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांसमोर वही घेऊन बसून, पुस्तकं चाळून त्यांनी नियम गोळा केले होते. पीपीटीच्या शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : अचूकता ९५ टक्के.

गाइड मॅडम खूश. डेमो एकदम मक्खन. मग एक्सटर्नल सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, ‘‘समज, मी आठ दिवस झाडाला पाणीच घातलं नाही. पानं पिवळी पडली, वळली. आता विचार तुझ्या डॉक्टरला.’’ तिने टिक केलं. डॉक्टरने क्षणात एका बुरशीचं नाव घेतलं आणि बुरशीनाशक फवारायला सांगितलं.

सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘बेटा, ह्याला रोगाशिवाय दुसरं काही माहीतच नाही. आणि आपल्याला माहीत नाही, हेही ह्याला माहीत नाही. हे ९५ टक्के कुणी काढले?’’

ग्रुपनेच काढले होते. नियम लिहिताना जी वीस उदाहरणं समोर होती, त्याच विसांवर सॉफ्टवेअर चालवून. एकोणीस बरोबर आली. म्हणजे पेपर सेट करणारे तेच, लिहिणारे तेच आणि तपासणारेही तेच!

रात्री रूमवर आल्यावर तिने मला विचारलं, ‘‘पण मग तपासायचं तरी कसं?’’ मी मास कॉमवाली, मला काय कळणार? पण प्रश्न डोक्यात बसला. कारण तो फक्त तिच्या मार्कांचा नाही. तुम्ही-आम्ही तब्येतीपासून ॲडमिशनपर्यंत कशाचाही सल्ला हल्ली मोबाइललाच विचारतो. सल्ला देणारं मशीन परीक्षा पास झालंय का, आणि झालं असेल तर ती परीक्षा घेतली कुणी, हे कधी विचारलंय तुम्ही? मी शोधायला बसले आणि पोचले थेट १९७०च्या दशकात.

पेपर आहे, उत्तरसूची नाही

आधी साधा मुद्दा. कॅल्क्युलेटर तपासणं सोपं असतं. १२ गुणिले १२ म्हणजे १४४. उत्तर चुकलं की मशीन चुकलं, विषय संपला. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये माणसाचं ज्ञान भरलेलं असतं, त्याचं तसं नसतं. डॉक्टर, इंजिनीअर, शेतीतज्ज्ञ अशा जाणकारांशी बोलून त्यांच्या डोक्यातला अनुभव ‘असं असेल तर तसं समज’ अशा शेकडो नियमांत उतरवायचा आणि मशीनने त्यावरून निष्कर्ष काढायचा. यालाच एक्स्पर्ट सिस्टिम म्हणतात. तुमच्यातल्या कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांनी एआयच्या पेपरसाठी ही व्याख्या नक्की पाठ केली असेल.

घोळ इथेच आहे. अशा प्रश्नांना उत्तरसूची नसते. एकाच पेशंटचे रिपोर्ट घेऊन तीन डॉक्टरांकडे जा. दोघं एक औषध देतील, तिसरा वेगळं देईल आणि तिघंही शहाणेच असतील. मग मशीनने चौथंच काही सांगितलं, तर ते चूक म्हणायचं की तेही एक मत?

मायसिनची परीक्षा

या प्रश्नाला पहिल्यांदा कुणी गंभीरपणे हात घातला असेल, तर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी. तिथे एडवर्ड शॉर्टलिफ यांनी पीएचडीसाठी ‘मायसिन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. अनेक अँटिबायोटिक्सच्या नावांच्या शेवटी ‘मायसिन’ येतं, तिथून हे नाव आलं. पेशंटच्या शरीरात कोणता जंतू असावा आणि त्यावर कोणतं औषध द्यावं, हे तो सांगायचा. त्यातला एक गाजलेला नियम साधारण असा : जंतू ग्रॅम निगेटिव्ह असेल, आकाराने दांडीसारखा असेल आणि ऑक्सिजनशिवाय वाढत असेल, तर तो बॅक्टेरॉइड्स असावा, खात्री ०.६. म्हणजे मशीन ‘हाच’ असं छातीठोक सांगत नव्हतं. ‘असावा, आणि मला एवढी खात्री आहे’ असं म्हणत होतं.

मायसिन चांगला आहे की नाही, हे ठरवायला सुरुवातीच्या चाचण्यांत डॉक्टरांना त्याची उत्तरं दाखवून मत विचारलं गेलं. पण उत्तर कॉम्प्युटरचं आहे हे समोरच्याला माहीत होतं. आता तुम्हीच सांगा, ‘हे मशीनने लिहिलंय’ असं आधीच कळलं तर तुम्ही तेवढ्याच मोकळ्या मनाने वाचाल? कुणी जास्त कडक होणार, कुणी भारावून जाणार.

म्हणून पुढची परीक्षा त्यांनी वेगळी घेतली. तिचा निकाल १९७९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. ती कशी घेतली, ते नीट बघा. तुमचा प्रोजेक्ट कुठल्याही विषयाचा असो, यातलं बरंच उचलण्यासारखं आहे.

विषय निवडला मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला होणारा संसर्ग. इथे औषध चुकलं तर पेशंट दगावू शकतो. दहा खऱ्या पेशंटच्या केसेस घेतल्या. त्या निवडल्या अशा डॉक्टरने, ज्याला मायसिनच्या पोटात काय आहे हे माहीतच नव्हतं. म्हणजे ‘आपल्याला येणारेच प्रश्न’ पेपरात टाकायची सोय नाही. शिवाय विषाणू, क्षयरोग, बुरशी आणि जिवाणू अशी सगळ्या प्रकारची उदाहरणं त्यात यावीत, याची काळजी घेतली.

मग त्याच दहा केसेस मायसिनला दिल्या आणि सोबत नऊ ‘परीक्षार्थी’ बसवले. स्टॅनफर्डचे या विषयातले पाच प्राध्यापक, एक फेलो, एक रेसिडेंट डॉक्टर आणि एक मेडिकलचा विद्यार्थी. नववं उत्तर होतं त्या पेशंटना हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्षात दिलेल्या औषधांचं. प्रत्येक केसला दहा प्रिस्क्रिप्शन्स, एकूण शंभर. सगळी एकाच नमुन्यात लिहून काढली, नावं काढून टाकली. विद्यापीठाच्या पेपर तपासणीत आपला सीट नंबर झाकतात ना, अगदी तसं. आणि हा गठ्ठा पाठवला स्टॅनफर्डबाहेरच्या आठ तज्ज्ञांकडे. म्हणजे एक नाही, आठ एक्सटर्नल!

प्रत्येक तज्ज्ञाने आधी स्वतः काय औषध दिलं असतं ते लिहायचं. मग प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर शिक्का मारायचा : माझ्यासारखंच, वेगळं पण चालेल, किंवा चालणार नाही. यातला कोणता कागद मशीनचा, हे कुणालाच माहीत नव्हतं.

६५ टक्के म्हणजे पास की नापास?

आठ तज्ज्ञ, दहा केसेस, म्हणजे प्रत्येकाला जास्तीत जास्त ८० ‘चालेल’ मिळू शकत होते. मायसिनला मिळाले ५२. म्हणजे ६५ टक्के.

आता थांबा. फक्त हा आकडा तुमच्यासमोर आला असता तर तुम्ही काय म्हणाला असता? फर्स्ट क्लास आहे, पण डिस्टिंक्शन नाही. पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे, शंभरातल्या पस्तीस वेळा तज्ज्ञांनी ‘चालणार नाही’ म्हटलंय, कोण विश्वास ठेवणार?

पण आता बाकीचा निकाल बघा. पाच प्राध्यापकांतले पहिले आले त्यांना ५० मिळाले, पाचव्यांना ३४. हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष दिलेल्या उपचारांना ४६. रेसिडेंटला ३६ आणि बिचाऱ्या विद्यार्थ्याला २४. थोडक्यात, ५२ घेऊन मायसिन पहिला आला होता. एवढंच नाही, तर उपचार होऊ शकेल असा एकही जंतू त्याच्या औषधांतून सुटला नव्हता. ‘सगळीच औषधं लिहून टाका’ असा सोपा मार्ग वापरूनही जंतू सुटत नाहीत म्हणा, पण तसं त्याने केलेलं नव्हतं.

मला विचाराल, तर या परीक्षेची खरी कमाल मायसिन पहिला आला यात नाही. ती बाकीच्यांना शेजारी बसवण्यात आहे. विद्यार्थी शेवटी आला, यावरून कळलं की पेपर सोपा नव्हता आणि परीक्षक डोळे मिटून शिक्के मारत नव्हते. मोठमोठ्या प्राध्यापकांनाही ६२-६३ टक्क्यांवर जाता आलं नाही, यावरून कळलं की तज्ज्ञांचंच आपसात एकमत नाही. हे माहीत नसेल तर ६५ या आकड्याला काही अर्थच उरत नाही. ‘अचूकता अमुक टक्के’ असं कुणीही सांगितलं की पहिला प्रश्न हा विचारा : याच पेपरात माणसांना किती मार्क पडले?

‘चालेल’ आणि ‘कामाचं’ यांत फरक आहे

एवढा टॉपर, मग तो हॉस्पिटलमध्ये लागला असेल ना कामाला? नाही. रोजच्या उपचारांत मायसिन कधीच वापरला गेला नाही. त्याला एकेका पेशंटची माहिती टाइप करून द्यायची म्हणजे बराच वेळ मोडणार. त्या काळी वॉर्डात कॉम्प्युटर कुठले? पेशंटचे रिपोर्ट आपोआप त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. आणि सल्ला चुकला तर जबाबदार कोण, याचंही उत्तर कुणाकडे नव्हतं.

सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या पुस्तकात व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन हे दोन शब्द असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास गोंधळ होतो. मला ते मराठीतच नीट कळले. पहिला विचारतो, काम बरोबर केलं का? दुसरा विचारतो, बरोबर काम केलं का? टोमॅटोच्या डॉक्टरमध्ये ठरल्याप्रमाणे सगळे नियम चालत होते, म्हणजे पहिल्यात तो पास. पण शेतकऱ्याचं झाड वाचणार होतं का? दुसऱ्यात नापास.

पहिल्या प्रकारची तपासणी निदान काही प्रमाणात मशीनवर सोडता येते. स्टॅनफर्डमध्येच कॅन्सरच्या उपचारांसाठी ‘ऑन्कोसिन’ नावाची सिस्टिम बनत होती. १९८२च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी नियमांवरच नजर ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. तो पेशंटकडे बघतच नाही, फक्त नियम एकमेकांशी ताडून बघतो. एक नियम म्हणतो पाणी द्या, दुसरा त्याच लक्षणांना म्हणतो पाणी तोडा, तर ते भांडण. दोन नियम वेगळ्या शब्दांत एकच सांगतात, तर ती पुनरुक्ती. लक्षणांची एखादी जोडी अशी आहे की तिच्यासाठी नियमच नाही, तर ती फट. शंभर नियम असताना या गोष्टी डोळ्यांनी दिसतील एक वेळ, पण हजार झाले की माणूस हरवतो.

आणि नियम वाढतच जातात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने १९८० पासून ‘एक्सकॉन’ नावाची सिस्टिम वापरली. ग्राहकाने मागवलेल्या कॉम्प्युटरला कोणते सुटे भाग लागतील आणि ते कसे जोडायचे, हे ती ठरवायची. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जॉन मॅकडर्मट यांनी तिची सुरुवात केली होती. पण कंपनी नवे कॉम्प्युटर, नवे भाग काढतच होती. त्यामुळे काहीशे नियमांवर सुरू झालेली सिस्टिम काही वर्षांत हजारोंवर गेली, जुने नियमही सारखे बदलावे लागले. म्हणजे एकदा परीक्षा पास झाली आणि सर्टिफिकेट फ्रेम केलं, असं होत नाही. ज्ञान बदललं की परीक्षा पुन्हा.

पटकीचा पेशंट

आता परत एक्सटर्नल सरांच्या त्या प्रश्नाकडे येऊ. तो मला सगळ्यात अस्वस्थ करतो.

‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव ज्यांनी रूढ केलं, त्या जॉन मॅकार्थी यांनी १९८४ साली मायसिनबद्दल एक उदाहरण दिलं होतं. समजा, पेशंटच्या आतड्यात कॉलराचे, म्हणजे पटकीचे जंतू आहेत असं मायसिनला सांगितलं. तो काय सांगेल? दोन आठवडे टेट्रासायक्लिन द्या. बस्स. उत्तर चूक आहे का? नाही, त्या औषधाने जंतू मरतील. पण पेशंट त्याच्या खूप आधी गेलेला असेल. कारण पटकीत माणूस मरतो तो जुलाबांनी शरीरातलं पाणी संपून. पहिल्या तासांत हवी असते जलसंजीवनी, सलाइन. आपल्याकडे जुलाब लागले की आई आधी साखर-मिठाचं पाणी देते. हे आईला माहीत असतं, टॉपर मायसिनला नव्हतं. जंतू, औषध आणि लक्षणं एवढंच त्याचं जग. पेशंट तहानेने मरू शकतो, हे त्या जगात नव्हतंच.

मॅकार्थींचं म्हणणं मायसिन वाईट आहे असं नव्हतं. समोर डॉक्टर असेल तर पाणी द्यायचं त्याला कळतंच, म्हणजे सल्ला शहाण्या माणसाच्या हातात आहे तोवर ठीक. पण तोच सल्ला थेट तुमच्या-माझ्या हातात पडला तर? तीच गोष्ट टोमॅटोची. अनुभवी शेतकरी ‘बुरशी’ हे उत्तर वाचून आधी मातीत बोट घालून बघेल. गच्चीत पहिल्यांदाच कुंडी लावलेली मी मात्र सरळ औषध आणायला जाईन.

म्हणून चांगली परीक्षा फक्त सिलॅबसमधले प्रश्न विचारत नाही. आउट ऑफ सिलॅबस प्रश्न आला तर ‘हे माझ्या अभ्यासात नाही’ असं मशीन म्हणतं की ठोकून देतं, हेही बघते. आपण व्हायवात ठोकून दिलं तर दोन मार्क जातात. इथे पीक जाऊ शकतं, माणूस जाऊ शकतो.

तेव्हाचं राहू दे, आज काय?

आजची बरीच सॉफ्टवेअर्स माणसाने लिहिलेल्या नियमांवर चालत नाहीत, जुन्या नोंदी चाळून स्वतः शिकतात. मग जुने प्रश्न संपले का? अमेरिकेतलंच उदाहरण घ्या. सेप्सिस, म्हणजे संसर्गाने शरीर ढासळायला लागतं ती अवस्था, पेशंटला होणार का याचा आधीच इशारा देणारं एक सॉफ्टवेअर तिथल्या शेकडो हॉस्पिटल्समध्ये वापरात होतं. ते बनवणाऱ्या कंपनीने स्वतः तपासून चांगले आकडे दिले होते. २०२१ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या हॉस्पिटलमधल्या ३८ हजारांहून जास्त भरतींच्या नोंदींवर ते तपासलं. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के पेशंट त्याच्या नजरेतून निसटले होते. थोडक्यात, एक्सटर्नल आले आणि ९५ टक्क्यांची स्लाइड पडली. फरक एवढाच की इथे सॉफ्टवेअर आधीच कामाला लागलं होतं.

आणि आपल्या फोनमधला चॅटबॉट? त्याच्या आत तर वाचून बघता येतील असे नियमही नाहीत. मायसिनला ‘हे का विचारतोस?’ असं विचारलं की तो कोणत्या नियमामुळे विचारतोय ते दाखवायचा. चॅटबॉटही कारण सांगतो, छान सांगतो, पण उत्तर खरंच त्याच कारणाने आलं याची खात्री नसते. म्हणजे आत डोकावून तपासायची सोय कमी झालीय आणि बाहेरून परीक्षा घ्यायची गरज वाढलीय. ती परीक्षा घेणारे आठ तज्ज्ञ दरवेळी आपल्या शेजारी बसलेले नसतील. अनेकदा त्याचे एक्सटर्नल आपणच असणार आहोत.

रूममेटचे मार्क केव्हाच लागले. बरे पडले. तरी परवा ती लॅपटॉप उघडून बसलेली दिसली. टोमॅटोच्या डॉक्टरमध्ये तिने दोन गोष्टी घातल्यात. सगळ्यात आधी येणारा प्रश्न : शेवटचं पाणी कधी दिलं? आणि एक नवं उत्तर, जे आधीच्या व्हर्जनमध्ये नव्हतंच : मला कळत नाही, जाणकाराला दाखवा. ९५ टक्क्यांची स्लाइड काढून टाकलीय. नवा आकडा अजून लिहिलेला नाही. आधी गावाकडच्या काकांना वापरायला देणार आहे म्हणाली, आणि ते वापरत असताना स्वतः तोंड बंद ठेवून बसणार आहे.

चौकट : तुमच्या प्रोजेक्टचा एक्सटर्नल येण्याआधी

• ज्या उदाहरणांवरून नियम बनवले, त्यांवरच तपासू नका. नवीन उदाहरणं ग्रुपबाहेरच्या माणसाकडून निवडून घ्या.

• तोच पेपर माणसांनाही द्या. एक जाणकार, एक नवशिका. मशीनचा आकडा त्यांच्या शेजारी ठेवा.

• तपासणाऱ्याला कोणतं उत्तर मशीनचं आहे ते कळू देऊ नका. आणि एकच तपासनीस नको, दोघं-तिघं असू देत.

• किती चुकलं एवढंच मोजू नका, काय चुकलं तेही लिहा. उगाच फवारणी आणि मेलेलं झाड या दोन चुका सारख्या नाहीत.

• मुद्दाम आउट ऑफ सिलॅबस प्रश्न विचारा. ‘माहीत नाही’ म्हणता येत नसेल तर प्रोजेक्ट अजून पूर्ण झालेला नाही.

• एक जरी नियम बदलला तरी जुनी सगळी उदाहरणं पुन्हा चालवून बघा.